वाचकांचे प्रश्न : गाडी लावली, पण दार ढकलवत नाही

ओळख नाही, वेळ ठरवलेली नाही, तरी समोरच्याच्या दारात जाऊन आपला माल किंवा सेवा सांगायची, याला विक्रीच्या धंद्यात ‘कोल्ड कॉल’ म्हणतात. तो फोनवरूनही होतो. पण या वेळी आलेली पत्रं प्रत्यक्ष जाण्याबद्दलची आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात एकच तक्रार आहे : पाय उचलत नाही.

प्रश्न : कार्यालयांना प्रिंटरचं साहित्य विकतो. नोकरीला दोन महिने झाले. पत्त्यावर पोहोचतो, गाडी लावतो आणि वीस-वीस मिनिटं आतच बसून राहतो. फोन बघतो, कॅटलॉग पुन्हा चाळतो. ‘आता साहेब कामात असतील’ असं स्वतःलाच सांगून कित्येकदा तसाच परत फिरतो. आत गेलोच तर फारसं वाईट काही होत नाही. मग ही भीती जात का नाही?

उत्तर : आत गेल्यावर वाईट काही होत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तुमची अडचण भेटीची नाही, त्या वीस मिनिटांची आहे.

वाट बघताना भीती चढत जाते. ती टिपेला पोहोचते तेव्हा तुम्ही गाडी सुरू करता आणि जीव भांड्यात पडतो. ही सुटका मेंदूला बक्षिसासारखी वाटते. ‘दार टाळलं म्हणून वाचलो’ एवढंच तो शिकतो आणि पुढच्या दाराशी भीती थोडी आधीच सुरू होते. महिनाभर असं झालं की सकाळी पत्त्यांची यादी काढतानाच पोटात गोळा येतो. धीर आल्यावर जाईन म्हणून थांबणाऱ्याला धीर येत नाही, त्याचं कारण हे आहे.

तेव्हा आधी मधला वेळ कापायचा. गाडी लावल्यापासून दाराला हात लागेपर्यंत जास्तीत जास्त दोन मिनिटं. त्यासाठी गाडीत बसून करण्यासारखं काम शिल्लक ठेवायचंच नाही. कुठे जायचं, कोणाला विचारायचं, पहिलं वाक्य कोणतं, हे सकाळी घरीच पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून ठेवा, प्रत्येक पत्त्याला तीन ओळी. फोन गाडी लावण्याआधीच ‘सायलेंट’ करून बॅगेत टाका. आणि क्रम ठरवून घ्या : इंजिन बंद झालं की बॅग उचलायची, बॅग हातात आली की गाडीचं दार उघडायचं, दार उघडलं की चालायला लागायचं. ‘हे झालं की ते करायचं’ अशा नेमक्या ठरावाला मानसशास्त्रात जर-तरची योजना म्हणतात. पीटर गॉलवित्झर यांनी या विषयावर बरंच संशोधन केलं आहे. ‘आज धीटपणे जाईन’ हा नुसता संकल्प असतो. इंजिन बंद होणं ही खूण असते, आणि खूण दिसली की हात आपोआप कामाला लागतो.

दुसरं, भेटींच्या पायऱ्या करा. पहिले दोन दिवस काहीही विकायचं नाही. रोज दहा दारांत जाऊन एकच विचारायचं : ‘तुमच्याकडे प्रिंटरच्या साहित्याची खरेदी कोण बघतं?’ नाव लिहून घ्यायचं, आभार मानायचे, निघायचं. पुढचे तीन दिवस तोच प्रश्न, सोबत व्हिजिटिंग कार्ड आणि येण्याचं कारण एका वाक्यात. दुसऱ्या आठवड्यात भेटीची वेळ मागायची. पूर्ण बोलणं तिसऱ्या आठवड्यात. पायरी कधी बदलायची? प्रत्येक दाराआधी आणि नंतर भीतीला ० ते १० मध्ये आकडा द्या. आधीचा आकडा सलग पाच दारांना ४ च्या आत राहिला की वरची पायरी. तारखेकडे बघून घाई नको.

या दहा भेटी सलग झाल्या पाहिजेत. आठवडाभर रोज दोन-दोन करून तो परिणाम येत नाही, कारण प्रत्येक वेळी भीती पुन्हा तळापासून चढते. ओळीने केल्या तर चौथ्या-पाचव्या दाराशी अंग सैल पडलेलं बहुतेकांना जाणवतं. पहिल्या तीन दारांवरून मात्र काही ठरवू नका, ती वाईटच जातात.

अजून एक. काहीजण आत जातात खरे, पण भीतीपासून लपायला काहीतरी आडोसा धरून. फोन कानाला लावून शिरणं, पत्रक समोर धरून वाचूनच दाखवणं, दर दोन वाक्यांनी ‘सॉरी, तुमचा वेळ घेतोय’ म्हणणं, एका दमात सगळं बोलून मोकळं होणं. त्या क्षणी याने बरं वाटतं. पण भेट चांगली झाली तरी श्रेय त्या आडोशाला जातं आणि भीती तशीच राहते. आठवड्याला एक आडोसा सोडा. ‘सॉरी’पासून सुरुवात करावी असं आमचं मत, कारण ते गिऱ्हाइकालाही खटकतं.

प्रश्न : बोलायला लागलं की आवाज कापतो, घशाला कोरड पडते, तळव्यांना घाम येतो. हातातला कागद थरथरताना समोरच्याला दिसतो याची फार लाज वाटते. दीर्घ श्वास घेऊन पाहिला, त्याने उलट गरगरल्यासारखं होतं.

उत्तर : गरगरतं ते श्वासामुळेच. घाबरलेला माणूस ‘दीर्घ श्वास’ म्हणून भराभर मोठे श्वास आत ओढतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. लांबवायचा असतो तो बाहेर सोडायचा श्वास. नाकाने ४ सेकंद आत, ओठ थोडे मिटून ६ सेकंद बाहेर. एका मिनिटात असे सहा होतात. दोन मिनिटांत बारा, म्हणजे वर सांगितलेल्या दोन मिनिटांत बसतात. छाती फुगवायची नाही, श्वास नेहमीएवढाच घ्यायचा.

बाकीचं काम सामानाने होतं. सुटा कागद हाताचं बारीक कापणं मोठं करून दाखवतो, म्हणून जाड पुठ्ठ्याच्या फोल्डरला लावूनच कागद पुढे करा. बॅग डाव्या खांद्यावर घ्या. उजव्या हाताने पट्टा आवळून धरला की तळवा घामेजतो आणि नेमका तोच हात पुढे करायचा असतो. रुमाल उजव्या खिशात ठेवा. भीतीत लाळ कमी सुटते, म्हणून गाडीतून उतरण्याआधी दोन घोट पाणी प्या, अर्धी बाटली नको. आवाजासाठी पूर्ण श्वास सोडा, साधा श्वास घ्या आणि पहिला शब्द मुद्दाम सावकाश, खालच्या पट्टीत उच्चारा. पहिला शब्द उंच लागला की पुढचं सगळं वरच्या पट्टीत पळतं. कॉफीवरही लक्ष असू द्या. पोटात गेलेलं अर्धं कॅफिन पाचेक तासांनीही शरीरात असतं. सकाळपासून तीन कप झाले असतील तर दुपारची धडधड सगळी भीतीची नसते.

थरथर दिसते तरी किती? थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं आढळलं की आपल्या मनातली घालमेल समोरच्याला जेवढी दिसतेय असं आपल्याला वाटतं, त्यापेक्षा ती बरीच कमी दिसते. आणि ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावू नका. धडधडणारं हृदय आज्ञेने थांबत नाही. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणासारख्या धास्तीच्या कामाआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ म्हणणाऱ्यांचं काम सरस झालं. धडधड दोन्हीकडे असतेच, फक्त तिला वेगळं नाव मिळतं. शब्द तुमचे तुम्ही ठरवा. ‘अंगात जोर आलाय’ हेही चालेल.

प्रश्न : रिसेप्शनवरच अडकते. ‘काय काम आहे?’ विचारलं की पाठ केलेलं सगळं विसरते आणि त त प प होतं. नेमकं बोलायचं काय?

उत्तर : पाठ केलंत म्हणूनच विसरता. पाठांतर ही साखळी असते, मध्ये कोणी एक शब्द टाकला की पुढची कडी सापडत नाही. पाठ असावीत फक्त तीन वाक्यं : पहिली दोन आणि निघतानाचं एक. मधला भाग मुद्द्यांनी लक्षात ठेवा.

सुरुवात अशी करता येईल : ‘नमस्कार. मी अमुक, अमुक कंपनीकडून आले आहे, वेळ ठरवून आलेली नाही. तुमच्याकडे प्रिंटरच्या साहित्याची खरेदी कोण बघतं, तेवढंच विचारायचं होतं.’ एवढं बोलायला दहा-बारा सेकंद लागतात. ‘वेळ ठरवून आलेली नाही’ हे स्वतःहून सांगणं अनेकांना धोक्याचं वाटतं. पण ‘अपॉइंटमेंट आहे का?’ या प्रश्नाचीच निम्मी धास्ती असते. तो प्रश्न तुम्हीच निकालात काढलात की पकडलं जाण्यासारखं काही उरत नाही. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ असली थाप तर कधीच मारू नका. पुढची दहा मिनिटं ती सांभाळण्यात जातात आणि आवाज त्यानेच कापतो.

प्रश्न विचारला की गप्प राहायचं. मनात तीन आकडे मोजा. नवे लोक ही शांतता सहन न होऊन पुन्हा बोलायला लागतात, आणि रिसेप्शनवरची व्यक्ती ज्या नावाचा विचार करत असते ते राहून जातं.

‘साहेब बिझी आहेत’ याला उत्तर : ‘बरोबर आहे. मंगळवारी सकाळी आले तर बरं की गुरुवारी दुपारी?’ ‘गरज नाही’ याला : ‘ठीक आहे. सध्या साहित्य एकाच ठिकाणाहून घेता का, एवढंच सांगाल?’ दुसऱ्यांदा ‘नाही’ आलं की कार्ड ठेवायचं आणि निघतानाचं वाक्य : ‘धन्यवाद, निघते मी.’ तिसऱ्यांदा विचारायचं नाही. ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणालात तर दोनच घ्या. तिथे दहा मिनिटं बसणाऱ्याला पुढच्या खेपेला दारातूनच परत लावतात.

पहिली मागणी लहान ठेवण्यामागे कारण आहे. अनोळखी माणसं आपल्याला किती सहज हो म्हणतील, याचा अंदाज आपण कमी धरतो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हॅनेसा लेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, प्रश्नावली भरून देण्यासारख्या कामासाठी जेवढ्या लोकांना विचारावं लागेल असं सहभागींना वाटलं होतं, प्रत्यक्षात त्याच्या साधारण निम्म्यांनाच विचारावं लागलं. हे छोट्या मदतीबद्दल आहे, खरेदीबद्दल नाही, म्हणून त्यावरून ऑर्डरीचा हिशेब करू नका. पण नाव विचारणं ही छोटी मदतच असते.

सराव उभं राहून, बूट घालून, बॅग खांद्याला लावून करा. पहिली दोन वाक्यं मोठ्याने दहा वेळा. मग घरातल्या कोणालाही समोर उभं करा आणि तिसऱ्या शब्दालाच तोडायला सांगा : ‘काय पाहिजे?’, ‘नको’, ‘नंतर या’, किंवा नुसतंच टक लावून बघणं. प्रत्येकाचे पाच-पाच फेरे घ्या. हसू येईल, येऊ द्या. चार दिवस रोज वीस मिनिटं केलंत की खरा अडथळा आल्यावर तो ओळखीचा वाटेल.

प्रश्न : सलग १९ ठिकाणी नकार मिळाला. मी या कामाचा नाही, असं समजावं का?

उत्तर : १९ वरून ते समजत नाही. समजा, दर २० भेटींत सरासरी एक जमते असा तुमच्या कामाचा अनुभव आहे. तरीही कोणत्याही १९ भेटी कोऱ्या जाण्याची शक्यता ०.९५ चा १९ वा घात, म्हणजे १०० मध्ये जवळजवळ ३८ असते. उत्तम काम करणाऱ्याच्याही वाट्याला अशा ओळी सारख्या येतात. ४० भेटी कोऱ्या जाण्याची शक्यता १०० मध्ये १३ आणि ६० जाण्याची ५ हूनही कमी. तेव्हा ६० ला थांबून यादी, पहिलं वाक्य किंवा माल यांपैकी काय चुकतंय ते बघावं. त्याआधी नाही.

शिवाय १९ नकार हा आकडाही बहुधा खरा नसावा. वहीत तीन रकाने करा : कोणी भेटलंच नाही, भेटलं पण खरेदी न करणारं, खरेदी करणाऱ्याने नाही म्हटलं. नकार फक्त तिसऱ्या रकान्यातला. तो तिथे चार-पाचच्या वर दिसणार नाही, असा आमचा कयास आहे.

प्रश्न : एका दुकानदाराने गिऱ्हाइकांसमोर ओरडून मला बाहेर काढलं. तीन आठवडे झाले, त्या रस्त्यालाच जात नाही.

उत्तर : जा, आणि या आठवड्यातच जा. त्या दुकानात मात्र जायचं नाही. त्या रस्त्यावर आधी एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाकडे, मग दोन नव्या दारांत. टाळलेला पट्टा आपोआप रुंद होत जातो. आधी दुकान, मग रस्ता, मग तो सबंध भाग.

जाण्याआधी घडलेलं लिहून काढा, पण फक्त कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच : तो काय बोलला, तुम्ही काय बोललात, किती वेळ चाललं. ‘सगळे माझ्याकडे बघून हसले’ असं लिहिलं असेल तर किती जण आणि कोण, हे विचारा. बरेचदा हा सगळा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा निघतो आणि ओरडण्याचं कारण तुम्ही नव्हे, तर काउंटरवरची गर्दी असते. गर्दीच्या वेळी शिरलो ही चूक असेल तर वेळ बदला, पुढच्या वेळी काउंटर रिकामा होईपर्यंत बाहेर थांबा.

यापुढे कोणी आवाज चढवला तर ‘ठीक आहे, निघतो’ एवढंच म्हणायचं आणि वळायचं. खुलासा नको, माफी नको, दारातून मागे वळून टोमणा तर नकोच. त्यानंतर दहा मिनिटांच्या आत पुढची भेट झाली पाहिजे. यासाठी रोजच्या यादीत दोन सोपी दारं राखून ठेवा, जिथे फक्त ‘मागचा माल वेळेवर पोहोचला ना?’ एवढंच विचारायचं आहे. वाईट भेटीनंतर घरी गेलात तर रात्रभर तीच भेट चघळत बसाल.

धमकी दिली किंवा अंगाला हात लावला तर ते प्रकरण वेगळं. नाव यादीतून काढा आणि वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी कळवा. तिथे पुन्हा जाण्यात कसलीही बहादुरी नाही.

प्रश्न : मी घरोघरी जाते. बेल वाजवल्यावर दार उघडेपर्यंतचे क्षण सर्वांत कठीण जातात. कुठे, कसं उभं राहावं?

उत्तर : बेल एकदाच वाजवा आणि दोन पावलं मागे या. दाराच्या अगदी समोर न राहता किंचित तिरकं उभं राहा, म्हणजे उघडणाऱ्याला तुम्ही आणि मागची मोकळी जागा दोन्ही दिसतील. दाराला चिकटून उभ्या असलेल्या अनोळखी व्यक्तीला बघून उघडणाराच दचकतो, आणि त्याचा ताठरपणा तुम्हाला राग वाटतो. ओळखपत्र छातीवर, बॅग बंद, हात रिकामे. तीस सेकंदांनी एकदा पुन्हा बेल, मग निघायचं. त्या तीस सेकंदांत दारावर डोळे लावू नका. पाटीवरचं नाव वाचा, पहिलं वाक्य मनात म्हणा.

‘विक्रेत्यांना मनाई’ अशी पाटी असेल तर बेल वाजवू नका. काही ठिकाणी दारोदार विक्रीला परवानाही लागतो, त्याची चौकशी कंपनीने करून द्यायला हवी. नियम मोडतोय ही टोचणी असेल तर कोणत्याही श्वासाने धडधड कमी होणार नाही. एकट्याने घराच्या आत जायचं नाही, आणि कोणत्या गल्लीत आहात ते सहकाऱ्याला कळवत राहा.

प्रश्न : माझ्या हाताखाली चार नवी मुलं आहेत. धीट व्हा म्हणून रोज सांगतो, फरक पडत नाही.

उत्तर : सांगणं थांबवा आणि सोबत जा. पहिल्या तीन भेटी तुम्ही करा, त्यांनी बघायच्या. पुढच्या तीनमध्ये पहिली दोन वाक्यं त्यांची, बाकी तुमचं. त्यानंतर सगळं त्यांचं आणि तुम्ही गप्प. इथेच वरिष्ठ चुकतात. मुलगा अडखळला की तोंड घालतात आणि त्याला कळतं ते एवढंच की आपल्याला जमलं नाही. ऑर्डर गेली तरी चालेल, पाच सेकंद थांबा. म्हणूनच मोठ्या गिऱ्हाइकाकडे नवख्याला नेऊ नये. बाहेर आल्यावर दोन मिनिटं बोला, सुधारायची गोष्ट एकच सांगा. पहिले तीन आठवडे टार्गेट दारांच्या संख्येचं ठेवा, ऑर्डरचं नको. दारात जाणं त्याच्या हातात असतं, ऑर्डर नसते.

प्रश्न : मित्र म्हणतो, भाषणाआधी कलाकार घेतात ती गोळी घे. घ्यावी का?

उत्तर : तो बहुधा प्रोप्रॅनोलॉलबद्दल बोलत असावा. ती हृदयाची गती आणि हाताची थरथर कमी करते, मनातले विचार बदलत नाही. दमा, मंद नाडी किंवा कमी रक्तदाब असणाऱ्यांना ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय घेऊ नये, मित्राच्या पाकिटातली तर नाहीच. शिवाय एखाद्या भाषणापुरती गोळी घेणं वेगळं आणि रोजच्या दहा दारांसाठी घेणं वेगळं. मद्याचा घोट हा तर उपायच नाही, वास पहिल्या वाक्याआधी पोहोचतो.

मात्र ही भीती विक्रीपुरती नसेल, लोकांसमोर जेवणं, सही करणं, चार माणसांत बोलणंसुद्धा तुम्ही सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टाळत असाल, तर तो सामाजिक भयाचा विकार असू शकतो. त्यावर बोधात्मक वर्तनोपचाराचा (सीबीटी, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलण्याच्या उपचाराचा) चांगला उपयोग होतो. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : दिवसाची सुरुवात सोप्या भेटीने करावी की अवघड?

उत्तर : पहिली सोपी, दुसरी त्या दिवसातली सर्वांत अवघड. अवघड भेट दुपारवर टाकली की सकाळच्या सगळ्या भेटींवर तिची सावली पडते. आणि दिवसातलं शेवटचं दार टाळलेलं नसावं. टाळलंच, तर घरी वळण्याआधी शेजारच्या एखाद्या लहान दुकानात जाऊन फक्त नाव विचारून या आणि ते वहीत लिहा.